गाडी, पीएमपी की मेट्रो: वनाज ते रुबी हॉलचा रोजचा हिशोब

भाचीला पुण्यात ढोले पाटील रस्त्यावर नोकरी लागली आणि पौड रस्त्याला, वनाजजवळच्या एका गल्लीत खोली मिळाली. पहिला पगार व्हायच्या आतच तिचा फोन आला, "मावशी, हप्त्यावर दुचाकी गाडी घेऊ की मेट्रोनंच जाऊ?" या मार्गावर मी गाडी, मेट्रो आणि पीएमपी म्हणजे शहर बस, अशा तिन्ही प्रकारे भरपूर ये-जा केली आहे. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी पैसे. वनाज ते तिच्या ऑफिसजवळचं रुबी हॉल स्थानक, मेट्रोचं तिकीट 25 रुपये, जाऊन-येऊन 50. मेट्रो कार्डावर सोमवार ते शुक्रवार 10 टक्के सूट मिळते, म्हणजे 45. पीएमपीचे दर 1 जून 2025 पासून वाढले. 5 किलोमीटरपर्यंत 10 आणि 10 किलोमीटरपर्यंत 20 रुपये. हे अंतर त्यात बसतं, तेव्हा बसचे दिवसाला 40. गाडीला 20 किलोमीटरच्या फेरीसाठी अर्ध्या लिटरच्या आत-बाहेर पेट्रोल लागतं, ते साधारण 50 रुपयांचं. म्हणजे तिन्हींत फरक जेमतेम 10 रुपयांचा! त्यात गाडीचा हप्ता, विमा आणि सर्व्हिसिंग मिळवलं की गाडी महाग पडते, हे खरं. पण मैत्रीण रोज मागे बसणार असेल तर पेट्रोल निम्म्यावर येतं. विद्यार्थ्यांना मेट्रोत 30 टक्के सूट आहे, त्यांनी तर फार विचारच करू नये.

निकाल लागतो तो वेळेवर, आणि तिथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. मेट्रो वनाजहून रुबी हॉलला साधारण 25 मिनिटांत पोचवते, गर्दीच्या वेळी दर 6-7 मिनिटांनी गाडी असते, हे सगळं बरोबर. पण घराच्या दारापासून फलाटापर्यंत किती वेळ जातो? आणि उतरल्यावर ऑफिसच्या खुर्चीपर्यंत? भाचीला मी घड्याळ लावून चालायला लावलं. गल्लीतून स्थानक 7 मिनिटं, जिने आणि तपासणी 3, रुबी हॉलहून ऑफिस 9. म्हणजे मेट्रोची वाट बघणं धरून साधारण पाऊण तास. गाडीने सकाळी 8 वाजता हेच अंतर अर्ध्या तासात होतं. संध्याकाळी साडेसहाला मात्र आरटीओ चौकापासून नळस्टॉपपर्यंत पाय टेकत टेकत यावं लागतं. मला कधी 40 मिनिटं लागली, कधी सव्वा तास. मेट्रोची 45 मिनिटं मात्र रोज 45च राहतात. ज्याला पाळणाघरातून मूल वेळेत घ्यायचं आहे, त्याला या एका गोष्टीची किंमत विचारा.

मार्गिका बदलायची असेल तर आणखी एक गोष्ट धरा. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणारी मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर आहे आणि वनाज–रामवाडी मार्गिका रस्त्याच्या वर. खालून वर येताना एक सरकता जिना संपतो, वळसा, पुन्हा दुसरा, मग तिसरा. कानात गार वारा घुमत असतो आणि माणसं डावी-उजवीकडे न बघता पाट्यांच्या मागे चालत असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ लिफ्टची रांग धरावी. या बदलाला मी नेहमी 8 मिनिटं धरते.

पाऊस हा गाडीच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. जुलैमध्ये कर्वे रस्त्यावर रंगाच्या पट्ट्यावर माझं मागचं चाक घसरलं होतं. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही, पण त्यानंतर भर पावसात गाडी काढायची हिंमत मी केली नाही. रेनकोट घालूनही ऑफिसात ओल्या सलवारीने दिवस काढावा लागतो, हे मुलींना वेगळं सांगायला नको.

पीएमपीला मात्र कमी लेखू नका. कात्रज, हडपसर, कोंढवा, सिंहगड रस्ता इथे राहणाऱ्यांना मेट्रो दारात नाही, बस आहे. 70 रुपयांच्या दैनिक पासावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसभर फिरता येतं, म्हणून ज्यांना कामासाठी चार ठिकाणी जावं लागतं त्यांना तीच स्वस्त. बसमध्ये वेळेची खात्री मात्र नाही, कारण तीही त्याच कोंडीत अडकते. आणि स्वारगेट–कात्रज साडेपाच किलोमीटरची भुयारी मार्गिका होणार आहे म्हणून आजच तिकडे घर घेऊन मेट्रोचा हिशोब मांडू नका. ज्या दिवशी मेट्रो धावेल त्या दिवशी मांडा.

रात्रीचं काम असेल तर उत्तर बदलतं. मेट्रो सकाळी 6 ते रात्री 11, त्यामुळे रात्रपाळीवाल्यांना गाडीला पर्याय नाही. घर स्थानकापासून दीड किलोमीटरपेक्षा लांब असेल तरी तेच, कारण रोज रिक्षा धरली तर वाचलेले सगळे पैसे तिथेच जातात, आणि गाडी स्थानकापर्यंत नेली तर ती लावायला जागा मिळेलच असं नाही. सायकल असेल तर ती मेट्रोत नेता येते. हा मार्ग फार कमी लोक वापरतात.

भाचीची वेळ 10 ते 6, स्थानक 7 मिनिटांवर. मी तिला कार्ड घ्यायला सांगितलं आणि गाडीचा विषय दिवाळीपर्यंत पुढे ढकलला. तुम्ही ठरवणार असाल तर एका मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून गाडीने निघा, बुधवारी त्याच वेळी मेट्रोने, आणि घराचं कुलूप उघडाल तेव्हाची वेळ लिहून ठेवा. रविवारी करून बघू नका, रविवारी कर्वे रस्ता सगळ्यांनाच मोकळा मिळतो.