लांबच्या विमानप्रवासासाठी मानेची उशी की शाल?

मुलीकडे लंडनला निघालेल्या मावशींनी विचारले की, हातातल्या सामानात एकाच गोष्टीला जागा उरली असेल, तर मानेची उशी घ्यावी की लोकरी शाल?

अनेक विमान कंपन्या इकॉनॉमी वर्गात केबिनमध्ये 7 किलोच सामान नेऊ देतात. त्यात औषधे, चष्मा आणि कागदपत्रे आधी बसवावी लागतात. फोमची उशी वजनाला हलकी असली, तरी बॅगेचा मोठा कोपरा अडवते. फुगवायची उशी खिशात मावते. मात्र उंचीवर केबिनमधला दाब कमी होऊन आतली हवा प्रसरण पावते, म्हणून ती थोडी सैलच फुगवावी.

मानेच्या आधारात उशी निःसंशय सरस आहे. तिचा मागचा भाग जाड असेल, तर डोके पुढे ढकलले जाते. अशा वेळी ती उलटी फिरवून जाड बाजू हनुवटीखाली घ्यावी, म्हणजे डुलकी लागल्यावर मान छातीवर पडत नाही.

शाल मात्र थंडीत पांघरता येते, चौपदरी घडी करून कमरेमागे ठेवता येते, खिडकीशी डोक्याखालीही घेता येते, आणि विमानतळावर अंगावरच असल्याने बॅगेत जागाही मागत नाही.

ज्यांना बसल्या बसल्या गाढ झोप लागते किंवा ज्यांची जागा मधली आहे, त्यांनी उशी घ्यावी. थंडी सोसत नसलेल्या, कंबर धरणाऱ्या आणि खिडकीची जागा मिळालेल्या मावशींना मी शालच सुचवली.