पडद्यामागच्या दिवंगतांची नोंद: आयएमडीबी कितपत कामाची?

एखादा ध्वनिमुद्रक, रंगभूषाकार किंवा कोरसमध्ये आयुष्यभर गायलेली गायिका गेली, की बातमी येते तीन ओळींची. पुष्कळदा तेवढीही येत नाही. अशा माणसानं कुठे काय काम केलं हे शोधायला निघालेले बहुतेक जण आयएमडीबी या चित्रपट-मालिकांच्या माहितीच्या संकेतस्थळावर पोहोचतात. मृत्युलेख, स्मरणसभा आणि वर्षाखेरीची श्रद्धांजली-चित्रफीत या तीन कामांना ही सेवा किती उपयोगी पडते, एवढंच इथे पाहायचं आहे.

या सेवेच्या मुळाशीच हा विषय आहे. १९९० मध्ये युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरचे चित्रपटवेडे नट-नट्यांच्या याद्या करत होते, आणि त्यात हयात व काम करत असलेल्यांचीच नावं असत. मग त्यांच्यातल्याच कॉल नीडम यांनी दिवंगत कलाकारांची वेगळी यादी सुरू केली. पुढे या सगळ्या याद्यांचा एक माहितीकोश झाला आणि १९९८ मध्ये तो अ‍ॅमेझॉननं घेतला.

आयएमडीबीची खरी ताकद श्रेयनामावलीत आहे. संकलन, ध्वनी, कला, रंगभूषा, संगीत असे विभाग पाडून माणसाचं सगळं काम एका पानावर मिळतं, तेही फुकट. प्रत्येक माणसाला ‘एनएम’ने सुरू होणारा क्रमांक असतो. टिपण करताना नावाशेजारी हा क्रमांक लिहून ठेवावाच. एकाच नावाचे दोन छायालेखक असले, तर पुढचा सगळा घोळ त्यानंच टळतो.

पानाच्या वरच्या भागात ‘नोन फॉर’खाली जे चार चित्रपट दिसतात, ते मात्र श्रद्धांजलीत जसेच्या तसे उचलू नयेत. ती निवड सहसा गणिती असते. कामाचा प्रकार आणि चित्रपटाची लोकप्रियता यांना तिच्यात वजन असतं. गाजलेल्या चित्रपटातलं सहायकाचं किरकोळ काम वर येतं आणि ज्या लहानशा चित्रपटानं त्या माणसाची ओळख घडवली तो खाली राहतो. पूर्ण यादी उघडून वर्षानुसार वाचणं, याला पर्याय नाही.

त्या वाचनात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, ‘आर्काइव्ह फुटेज’. जुनं चित्रीकरण नव्या माहितीपटात वापरलं की त्याचीही नोंद होते, म्हणून मृत्यूनंतर वीस वर्षांनीही यादी वाढतच राहते. ‘शेवटचा चित्रपट’ लिहिताना या नोंदी वगळाव्यात. पण मृत्यूपूर्वी पूर्ण झालेलं आणि नंतर प्रदर्शित झालेलं काम वगळू नये. दुसरं, पार्श्वगायन. गायकांच्या नोंदी संगीत विभाग आणि ‘साउंडट्रॅक’ अशा दोन ठिकाणी विखुरतात, आणि जुनं गाणं नव्या चित्रपटात वाजलं की त्याचीही भर पडते. त्यामुळे इथला आकडा म्हणजे गायलेल्या गाण्यांची संख्या नव्हे. तिसरं, टोपणनावं. लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावानं मराठी चित्रपटांना संगीत दिलं. असं काम मूळ पानाशी जोडलेलं असेल तरच सापडतं. वेगळ्या नावाचं वेगळं पान बनलेलं असलं, तर अर्धी कारकीर्द नजरेआड राहते. नावाची रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून शोधणं म्हणूनच गरजेचं.

वर्षाखेरीच्या यादीसाठी प्रगत शोधात मृत्यूच्या तारखेची चाळणी आहे. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यायची. याशिवाय बिगरव्यावसायिक वापरासाठी उतरवून घेता येणाऱ्या फायली आहेत, पण त्यांच्या भरवशावर यादी करू नये. त्यांत मृत्यूचं फक्त वर्ष असतं. हयात माणूस आणि मृत्यूची नोंदच न झालेला माणूस, दोघांचा रकाना सारखाच रिकामा दिसतो. शिवाय चित्रपटनिहाय फाइल मुख्य श्रेयांपुरती असल्यानं ध्वनी, रंगभूषा, प्रकाशयोजना ही मंडळी तिच्यात सापडत नाहीत. नेमकी ज्यांची आठवण ठेवायला हवी, तीच गळतात. याचं वाईट वाटतं.

मृत्यूच्या तारखेसाठी मी आयएमडीबीला एकटीला प्रमाण मानणार नाही. माहिती वाचकच पाठवतात, कर्मचारी आणि यंत्रणा ती तपासतात. पण तारीख कशावरून घेतली हे पानावर दिसत नाही. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड माहितीकोशात तारखेला संदर्भ जोडता येतो, आणि फक्त वर्ष किंवा महिना ठाऊक असेल तर तसंच नोंदवता येतं. निधनाचा दिवस आणि बातमी जाहीर झाल्याचा दिवस यांत गल्लत नेहमीची आहे. कुटुंबाचं निवेदन किंवा कामगार संघटनेचं पत्रक मिळाल्याशिवाय तारीख पडद्यावर टाकू नये. हयात माणसाला दिवंगत ठरवण्यासारखी दुसरी इजा नाही.

वादकांसाठी तर म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या माहितीकोशाकडेच जावं. तिथे रचना, ध्वनिमुद्रण आणि प्रकाशित तबकडी यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे अमुक मुद्रणात बासरी कुणी वाजवली हे त्या मुद्रणालाच जोडता येतं. तिथले बरेच बदल सात दिवसांपर्यंत मतदानासाठी खुले राहतात, म्हणजे आज केलेली दुरुस्ती लगेच दिसेलच असं नाही. आयएमडीबीवर वादक सापडतो तो चित्रपटाच्या संगीत विभागात, गाण्यापर्यंत क्वचितच पोहोचतो.

आयएमडीबीवर दुरुस्ती करायची तर खातं उघडून माणसाच्या पानावरच्या ‘एडिट पेज’मधून तारीख, ठिकाण आणि पुराव्याचा दुवा द्यावा. दोन पानं एकाच माणसाची असतील तर आधी ती एकत्र करण्याची विनंती करावी, मगच राहिलेली श्रेयं भरावीत. श्रेयं पाठवताना पडद्यावर छापलंय तसंच नाव ‘अ‍ॅज’ (म्हणजे ‘या नावानं’) या नोंदीत द्यावं, नाव पडद्यावर नसेल तर ‘अनक्रेडिटेड’ अशी खूण करावी, आणि असं काम सिद्ध करणारं काही जवळ ठेवावं. चित्रपटाच्या शेवटी ‘यांच्या स्मृतीस’ अशी पाटी असेल तर ती ‘थँक्स’ विभागात त्या माणसाच्या नावे नोंदवता येते. हे फार थोडे लोक करतात.