मागच्या सीटवरून पाहिलेली गाडी: सीएनजी हॅचबॅक, पाडव्यापासून आजपर्यंत

गाडी 2025च्या गुढीपाडव्याला घेतली. चार मीटरच्या आतली, उंच छपराची हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पेट्रोलसोबत कंपनी-फिटेड सीएनजी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या आकाराच्या दोन-तीन गाड्यांना खालचं बहुतेक सगळं लागू पडेल आणि नाव लिहिलं की चर्चा 'आमची चांगली की तुमची' इथेच अडकते.

आधी वापर कसा आहे ते सांगते, नाहीतर पुढचं वाचून काहींना वाटेल की ही बाई गाडीबद्दल बोलतच नाहीये. राहायला पुण्यात सिंहगड रस्त्याला, ऑफिस डेक्कनला. ऑफिसला मी स्कूटरनेच जाते. सकाळी साडेनवाला या रस्त्यावर चारचाकी काढायची हौस मला नाही. नवरा महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी, त्यामुळे गाडी चालवते मी आणि मागे बसतात सासूबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे, उन्हाळ्यात एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपी, डोळ्यांचा डॉक्टर, चिंचवडला नणंदेकडे, मंगळवारचं भजनी मंडळ आणि वर्षातून दोन-तीनदा चिपळूणजवळचं गाव. गाडी फिरते ती एवढ्यासाठीच. म्हणून हा रिव्ह्यू मागच्या सीटवरून आहे. यूट्यूबवर जेवढे रिव्ह्यू बघितले त्यांत सगळे जण स्टिअरिंगमागे बसून टचस्क्रीन किती इंचाचा ते सांगत होते. मागे बसून म्हातारं माणूस उतरणार कसं, हे एकानेही दाखवलं नाही.

तर तिथूनच सुरुवात. सीटची उंची हा या गाडीचा सगळ्यात मोठा गुण. दिराची सेडान आहे, दिसायला देखणी, पण तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग खाली धपकन बसायचं. उतरताना तर दोन माणसं लागतात. आमच्या गाडीची सीट उभ्या माणसाच्या मांडीच्या उंचीला येते, त्यामुळे पाठ करून उभं राहायचं, टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. फिजिओथेरपी देणाऱ्या मुलीने एक युक्ती सांगितली ती फार उपयोगी पडली: सीटवर प्लास्टिकची मोठी पिशवी अंथरायची. कापडावर साडी अडकते, पिशवीवर माणूस सहज वळतो. वळून झालं की पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक मारला की घसरायला होतं. दुकानात पाच रुपयांना मिळणाऱ्या पिशवीने जे काम केलं ते टॉप मॉडेलचे पैसे भरूनही झालं नसतं.

मागचं दार जवळपास काटकोनात उघडतं, हाही गुण. पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याचा उपयोग शून्य, कारण दोन्ही बाजूंच्या गाड्या इतक्या चिकटून असतात की दार निम्मंसुद्धा उघडत नाही. गाडी बाहेर गेटपाशी आणायची, मग सासूबाईंनी वॉचमनच्या खुर्चीवरून उठून बसायचं, असा आता रिवाज पडला आहे. वॉचमन खुर्ची आधीच पुसून ठेवतो.

सीटबेल्टवरून घरात बराच वाद झाला. मागच्या सीटवर पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहेच, पण तो लावतंय कोण! सप्टेंबर 2022मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, ही बातमी सासूबाईंनीही वाचली होती. तरी त्यांचं म्हणणं एकच, पट्ट्याने पदर चुरगळतो आणि निऱ्या वर येतात. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. आधी पट्टा लावायचा, मग त्याच्यावरून पदर घ्यायचा. आता मंडळातल्या बाकीच्या बायकांनाही त्याच शिकवतात. कंपनीकडून मात्र एक अपेक्षा आहे: पट्टा जिथे अडकवायचा ते बक्कल सीटमध्ये खोल बुडालेलं आहे. बोटं आखडलेल्या माणसाला ते सापडत नाही. दर वेळी मला पुढून मागे वळून खट्‌ करून लावावं लागतं.

आता गॅस. रनिंग कॉस्ट कमी म्हणून सगळे सीएनजी घेतात, आम्हीही त्याचसाठी घेतली. पुण्यात पेट्रोलने शंभरी केव्हाच ओलांडली, गॅस 2025मध्ये किलोला नव्वदीच्या आसपास होता. कागदावर किलोला चौतीस किलोमीटर लिहिलेले असतात. आम्हाला शहरात एसी लावून तेवीस-चोवीस मिळतात, हायवेला अठ्ठावीस. तक्रार नाही. पण रनिंग कॉस्टच्या हिशोबात पंपावरचा वेळ कोणी धरत नाही.

पंपावरचा नियम असा की गॅस भरताना गाडीत कोणी बसायचं नाही. टाकीत गॅस सुमारे 200 बार दाबाने भरतात, त्यामुळे नियम योग्यच आहे, त्यावर हुज्जत नाही. पण ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाहेर पडलो होतो, रांगेत वीस-पंचवीस मिनिटं गेली, आमचा नंबर आला आणि पोरगा म्हणाला, "आजी, उतरा खाली." मी वॉकर काढला, उघडला, त्या उतरल्या, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तो पोरगा त्याच्यावरच खेकसला आणि स्वतःचं स्टूल आणून दिलं. पाच मिनिटांत गॅस भरून झाला, पुन्हा वॉकर मिटला, पिशवी अंथरली. त्या दिवसापासून घरात ठरलं: आई गाडीत असताना पंपावर जायचं नाही. रात्री जेवणं झाली की मी एकटी जाते. साडेदहानंतर रांग कमी असते आणि बऱ्याचदा प्रेशरही बरं मिळतं.

प्रेशरचं गणित नवीन माणसाला कळत नाही म्हणून लिहिते. सगळे पंप थेट पाइपलाइनवर नसतात. काही ठिकाणी गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, त्यांना डॉटर स्टेशन म्हणतात. तिथे ट्रक रिकामा होत आला की दाब उतरतो, मग आठ किलोच्या जागी साडेपाच-सहा किलोवरच पाइप थांबतो. "प्रेशर नाही ताई, थांबायचं तर थांबा, गाडी येतेय," हे वाक्य ऐकलं की सरळ निघायचं. ती गाडी कात्रजला अडकलेली असते की सासवडला, कोणाला माहीत. आपल्या भागातला लाइनवरचा पंप कोणता, हे गाडी घेण्याआधी रिक्षावाल्यांना विचारून ठेवा.

इंजिनबद्दल थोडक्यात. गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि थोड्या वेळाने आपोआप गॅसवर जाते. टाकीत पाव भाग पेट्रोल कायम ठेवते आणि अधूनमधून तेही वापरते. शहरात गॅस-पेट्रोलमधला फरक कळत नाही. घाटात मात्र लगेच कळतो. गावाला जाताना आम्ही सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने उतरतो. उतरताना प्रश्न नाही. परत येताना चार माणसं, सामान आणि एसी, एवढं घेऊन गॅसवर वर चढायला लागलं की दुसऱ्या गिअरमध्येही गाडीला धाप लागते. वळणावर मागे एसटी आली की घाम फुटतो. सरळ बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची, एसी बंद, काचा खाली. घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासूनच हे करते. माथ्यावर आलं की पुन्हा गॅस.

डिकी हा या गाडीचा सगळ्यात मोठा दोष. दोष म्हणण्यापेक्षा डिकी नाहीच. सिलिंडरने ती खाऊन टाकली आहे. वॉकर मिटवून आडवा ठेवला, वर एक बॅग ठेवली, झालं. मे महिन्यात गावाहून निघताना आंब्याच्या तीन पेट्या, एक फणस आणि चुलत सासऱ्यांनी प्रेमाने दिलेला सुरण होता. फणस पायाशी, पेट्या मागच्या सीटवर, आणि माझा नवरा उंब्रजपर्यंत मांडीवर सुरण घेऊन. त्यानंतर हायवेच्या एसटीने पुण्याला गेला, स्वखुशीने. टाटाने 2023मध्ये अल्ट्रोझमध्ये दोन लहान सिलिंडर जमिनीलगत बसवून डिकी मोकळी ठेवली, ह्युंदाईनेही नंतर तसं केलं. आम्ही घेताना तिकडे बघितलं होतं, पण सीटच्या उंचीपायी याच गाडीवर ठाम राहिलो. ज्यांचं गाव कोकणात आहे आणि घरात म्हातारं माणूस नाही, त्यांनी दोन सिलिंडरवालीच बघावी.

पावसाळ्यात एक प्रकार झाला. दोन आठवडे गाडी फारशी हलली नव्हती आणि एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मेकॅनिकने बॉनेट उघडलं तर आत डाळिंबाची सालं, पावाचा तुकडा आणि कुरतडलेल्या वायरी. उंदीर. स्टिल्ट पार्किंग, शेजारी कचऱ्याचे डबे, आणखी काय होणार! वायरिंग जोडायला साडेतीन हजार गेले. त्यानंतर सोसायटीत जो भेटेल त्याच्याकडे उपाय तयार. कोणी डांबरगोळ्या सांगितल्या, कोणी हिंग, तिसऱ्या मजल्यावरचे काका तंबाखूची पुडीच घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने बांधून गेले. तंबाखू आठवड्यात विरली. खरा उपाय दोनच: कचऱ्याचे डबे हलवून घेतले आणि एक दिवसाआड गाडी काढते, मग दूध आणायला का होईना.

पैशांचं आता नीट लिहिते, कारण इथे बहुतेक जण फक्त इंधनाचा हिशोब देतात. आमची गाडी महिन्याला साधारण सातशे किलोमीटर फिरते. गॅस सत्तावीसशेच्या आसपास. विमा, सर्व्हिसिंग आणि गाडी पुसणाऱ्याचे पैसे महिन्यावर पसरले की आणखी अडीच हजार. कर्जाचं व्याज सरासरी दोन हजार. आणि जो कोणी धरत नाही तो घसारा: वर्षाला सत्तर हजारांनी किंमत उतरते असं धरलं तर महिन्याला पावणेसहा हजार. बेरीज तेरा हजार, म्हणजे किलोमीटरला अठरा-एकोणीस रुपये. सप्टेंबर 2022मध्ये पुण्याच्या रिक्षाचं मीटर ठरलं ते पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये. लांबच्या फेरीला रिक्षा स्वस्त पडते! नवऱ्याने हे एक्सेलमध्ये करून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग रिक्षा बोलाव पावसात, आणि त्याला सांग वॉकर डिकीत टाक."

त्यांचं बरोबर आहे. रिक्षा जवळच्या फेरीला येत नाही, दवाखान्याबाहेर थांबत नाही, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने त्या उंच, अरुंद जागेत चढणं नकोच. पण ज्यांच्याकडे हे कारण नाही आणि रोज ऑफिसला दुचाकी किंवा मेट्रो आहे, त्यांनी 'सीएनजी आहे, परवडेल' म्हणून गाडी घेऊ नये. नाही परवडत. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या वर फिरणाऱ्याचं गणित वेगळं. त्यात आम्ही पाडव्याचा मुहूर्त साधला आणि 22 सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. आमच्या गाडीची किंमत साठेक हजारांनी उतरली. तो पेपर त्या दिवशी घरात कोणी पूर्ण वाचला नाही. फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025पासून निघाला, तेव्हा तीन हजारांना, दोनशे फेऱ्यांचा. खेड शिवापूर आणि आनेवाडी हे दोनच नाके आमच्या वाटेवर आणि जाणं वर्षातून दोन-तीनदा, तेव्हा आम्हाला त्याचा उपयोग नाही. दर आठवड्याला साताऱ्याला जाणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा.

गाडी आल्यावर घराबाहेरच्यांच्या अपेक्षाही वाढतात, तेही धरून ठेवा. 'तुमच्याकडे गाडी आहे ना' हे वाक्य पहिल्या महिन्यातच सुरू झालं. रात्री स्टेशनवरून पाहुणे आणणं, शेजारच्या आजोबांचं डायलिसिस, कोणाच्या केळवणाला सहा पाटांचा स्वयंपाक पोचवणं. डायलिसिसला मी कधी नाही म्हटलेलं नाही. गाडी चालवायला मागणाऱ्यांना मात्र सरळ सांगते, विमा माझ्या नावावर आहे, चालवणार मीच.

मंगळवारी भजनी मंडळाच्या चौघी असतात. मागे तिघी, पुढे एक, पेटी मांडीवर. एकीला एसी सोसत नाही, दुसरीला काच उघडली की कान दुखतो. मागे एसीचे व्हेंट नाहीत, त्यामुळे पुढे बसलेली कुडकुडते आणि मागच्या तिघी पदराने वारा घेतात. आधी त्या मंदिरात चालत जायच्या तेव्हा दोघीच यायच्या. आता मंडळ रस्ता ओलांडून पलीकडच्या कॉलनीतही जातं आणि दत्तजयंतीला नऱ्ह्यापर्यंत जाऊन आलं. मागे व्हेंट असलेलं मॉडेल चाळीस हजारांनी महाग होतं. तेव्हा नको म्हटलं. आता असतं तर बरं, असं त्या चौघींचं एकमताने म्हणणं आहे.

जुनी सीएनजी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते आणि तिची तारीख गाडीवरच्या प्लेटवर असते. पंपावर ती बघतात, मुदत संपली असेल तर गॅस देत नाहीत. आमची 2028मध्ये येईल. विकणारा 'टेस्ट करून देतो' म्हणाला तर आधी करून घ्या, सर्टिफिकेट हातात आलं की मगच टोकन द्या.