स्कूटर घेताना: पुढे ड्रम की डिस्क?

११०-१२५ सीसीच्या स्कूटरचे बहुतेक वेळा दोन भाव सांगतात. पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक असलेली स्वस्त, डिस्क ब्रेकवाली काही हजारांनी महाग. वर सेल्समनचं ठरलेलं वाक्य: "डिस्क घ्या, गाडी जागेवर थांबते."

जागेवर कुठलीच गाडी थांबत नाही. ब्रेक फक्त चाक अडवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने, आणि ते दोन्हींत सारखंच. कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायरच्या पकडीचं माप) ०.७ धरा. ताशी ६० किमी वेगात दोन्ही ब्रेक पूर्ण लागल्यावरही सुमारे २० मीटर जातात. पावसात घर्षणांक ०.४ वर आला की ३५ मीटर. तोच वेग ४० असेल तर ओल्यातही १६ मीटर पुरतात, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. टायर घासून गुळगुळीत झाला असेल तर डिस्कचे जादा पैसे पाण्यातच गेले म्हणायचे.

खरा फरक उष्णतेत आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंची १२०० मीटरहून जास्त घटते. दोन माणसं आणि गाडी मिळून २४० किलो धरले तर सुमारे २८ लाख ज्यूल ऊर्जा वाटेत जिरवावी लागते. एवढ्यात नऊ लिटर पाण्याला उकळी येईल! वेगात हवेचा विरोध बरीच मदत करतो, पण घाटातल्या वळणांवर वेगच नसतो. मोटारसायकलवाला खालचा गिअर टाकून इंजिनावर भार देतो. स्कूटरला गिअर नाहीत, त्यामुळे बराचसा ताप ब्रेकच्या वाट्याला. ड्रममध्ये शू (ब्रेकचे अर्धगोल तुकडे) आतून दाबले जातात, सगळा कारभार बंद डब्यात. तापला की लायनरची (शूवरच्या घर्षणाच्या थराची) पकड कमी होते, ड्रमही प्रसरण पावतो आणि लिव्हर जास्त खेचावा लागतो. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती; ती उघड्या वाऱ्यात फिरते, लवकर निवते.

पाण्याचंही तसंच. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रमच्या आत पाणी शिरलं तर ते वाळेपर्यंत ब्रेक नावालाच. डिस्कवरचं पाणी चाकाच्या काही फेऱ्यांत उडून जातं.

ड्रम अगदीच टाकाऊ नाही. चाकाच्या फिरण्यानेच एक शू ड्रमवर अधिक घट्ट दाबला जातो, त्यामुळे केबलवरही काम भागतं. दुरुस्ती गल्लीतला मेकॅनिकही करतो. मात्र याच गुणामुळे दाब बेताने देणं अवघड. डिस्क बोटांचं ऐकते. १ एप्रिल २०१९ पासून या वर्गातल्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस एकाच लिव्हरने दोन्ही चाकांना ब्रेक लावतं, ब्रेकने चाक अडकून घसरणं मात्र एबीएसच रोखतं.

सपाट शहरात एकट्याने चाळिसाच्या आत चालवायची असेल तर मी ड्रमच घेईन आणि उरलेले पैसे चांगल्या टायरसाठी ठेवेन. घाट, हायवे किंवा रोज डबलसीट असेल तर डिस्कच, घासाघीस नको.

जुनी डिस्कवाली घेत असाल तर हँडलवरच्या छोट्या डबीच्या काचेतून ब्रेक ऑइल (लिव्हरचा दाब डिस्कपर्यंत पोचवणारं तेल) बघा. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: डॉट ४ या प्रकारचं तेल ताजं असताना किमान २३० अंश, ओलावलेल्यासाठी प्रमाणित मर्यादा १५५. काळपट दिसलं तर बदलण्याचा खर्च आधी किमतीतून वजा करून घ्या.