डबल बॉइल्ड जवस तेल: तेल उत्तम, डब्यावरच्या सूचना अपुऱ्या

रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ या नावाने मिळणारे जवसाचे तेल मी गेल्या वर्षभरात दोन सागवानी वस्तूंवर वापरले: लिहिण्याचे टेबल आणि देवघरातला चौरंग. दोन्ही कामे होऊनही एक लिटरच्या डब्यात निम्म्याहून अधिक तेल शिल्लक आहे. तेल चांगलेच आहे. डब्यावरच्या सूचना मात्र इतक्या तोकड्या आहेत की केवळ त्यांच्या भरवशावर राहिल्यामुळे माझे टेबल बिघडले.

डब्यावर ‘ब्रशने लावा व वाळू द्या’ एवढेच छापले आहे. त्याप्रमाणे मी जुलैमध्ये, ऐन पावसात, जाडसर हात मारला आणि आठ दिवसांनी वही ठेवली तर तिचे पुठ्ठे टेबलाला चिकटले. जवसाचे तेल थिनरसारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि मग ते घट्ट होते. थर जाड असला की वर साय धरते आणि खालचे तेल ओलेच राहते. शिवाय सागवानात मुळातच असलेले तेलकट घटक हे वाळणे लांबवतात, आणि दमट, थंडावलेली हवाही त्याला साथ देते.

चिकटपणा काढण्यासाठी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या बारीक स्टील वूलने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून, मऊ पडलेले तेल लगेच जुन्या सुती कापडाने पुसून घ्यावे लागले. हे दोनदा केले, आठवडाभर टेबल उघडे ठेवले, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. चौरंगाच्या वेळी डिसेंबरमध्ये आधी थिनरने पुसले, तेल ब्रशऐवजी कापडाने चोळून लावले आणि पंधरा-वीस मिनिटांनी, कोरड्या कापडाला तेल लागेनासे होईपर्यंत, सगळे जादा तेल पुसून काढले. दोन-दोन दिवसांच्या अंतराने असे तीन हात दिले. या कामात लावण्यापेक्षा पुसण्याला अधिक महत्त्व आहे, आणि नेमके तेच डब्यावर नाही.

त्याहून गंभीर उणीव म्हणजे तेलाच्या चिंध्यांबद्दल एक शब्दही नाही. वाळताना हे तेल उष्णता सोडते. चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेटू शकतात. मी त्या घराबाहेर दोरीवर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ देतो आणि नंतरच टाकतो. उत्पादकाने ही सूचना ठळक अक्षरांत छापायलाच हवी.

‘बॉइल्ड’ या शब्दानेही फसू नये. हल्ली अशा तेलात लवकर वाळावे म्हणून बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगे मिसळलेली असतात, त्यामुळे पोळपाट, लाटणे किंवा भाजी चिरायची फळी यांना ते लावू नये. चटणीच्या जवसाशी नाते असले तरी हे तेल खाण्याचे नव्हे.

चौरंगाचा रंग आता गडद मधासारखा झाला आहे आणि हात फिरवला की प्लास्टिकचा पापुद्रा नव्हे, लाकूडच लागते. मेलामाइन पॉलिशमध्ये मला हे कधी मिळाले नाही. पाण्यापुढे मात्र हे तेल टिकत नाही. समईखाली सांडलेल्या पाण्याचे वर्तुळ रात्रभरात उमटले. ते काढायला तेवढ्याच जागी पॉलिश पेपर फिरवून चमचाभर तेल चोळणे पुरले, सगळा चौरंग खरवडावा लागला नाही. जेवणाच्या टेबलासाठी मी हे तेल सुचवणार नाही. लिहिण्याचे टेबल, पुस्तकांची मांडणी किंवा झोपाळ्याची फळी यांसाठी मी हेच पुन्हा घेईन, फक्त पावसाळा सरल्यावर.