कांजूरमार्ग पूर्वेचा एक भाडेकरार संपताना: स्लो लोकल उत्तम, रविवार अवघड

भाडेकरार नव्याने करायची वेळ आली, मालकाने भाडं वाढवून मागितलं, म्हणून या जागेच्या येण्याजाण्याचा हिशेब नीट मांडला. पावसाळा, गणपती, दिवाळी, उन्हाळा सगळं कराराच्या काळात येऊन गेलं. मुंबईतलं कांजूरमार्ग विक्रोळी आणि भांडुपच्या मध्ये आहे, पश्चिमेला एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्ग आणि पूर्वेला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. थेट मुद्द्यावर येते.

कांजूरमार्गला फास्ट मार्गावर, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्यांच्या रुळांवर, प्लॅटफॉर्मच नाही. मध्य रेल्वेच्या मेन लाइनच्या या पट्ट्यात विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर ही तिन्ही स्टेशनं अशी आहेत. फास्ट गाडी न थांबणं वेगळं आणि थांबायला जागाच नसणं वेगळं. विक्रोळी-भांडुपलाही ऐन गर्दीत बहुतेक फास्ट गाड्या थांबत नाहीत, पण तिथे फास्ट रुळांना प्लॅटफॉर्म आहे. सोमवार ते शनिवार हा फरक जाणवतही नाही. रविवारी मात्र घर कुठे घ्यायचं ते यावरूनच ठरावं, इतका तो मोठा होतो.

रविवारी माटुंगा ते मुलुंड धीम्या (स्लो) मार्गावर मेगाब्लॉक असला, म्हणजे देखभालीसाठी ते रूळ काही तास बंद ठेवले, की स्लो गाड्या फास्ट रुळांवरून धावतात. शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असं थांबत जातात आणि वरची तिन्ही स्टेशनं सोडून देतात. साधारण अकरा ते चार या वेळेत गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. देखभालीसाठी ब्लॉक लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती जागा दाखवताना ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ एवढंच सांगणाऱ्या दलालांबद्दल. रविवारी ड्युटी असणारे नर्स, दुकानातले कर्मचारी, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं यांनी जागा पाहण्याआधी ही गोष्ट विचारलीच पाहिजे.

ब्लॉकची सूचना नीट वाचता आली तर अर्धा त्रास वाचतो. तिच्यात तीन गोष्टी बघायच्या: मेन लाइन की हार्बर लाइन, धीमा की जलद (फास्ट) मार्ग, आणि कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये. जलद मार्गावर ब्लॉक असेल तर कांजूरला फारसा फरक पडत नाही. फास्ट गाड्या स्लो रुळांवर येतात, त्यामुळे सगळं थोडं उशिरा चालतं, पण आपली गाडी थांबते. ब्लॉक ठाणे-कल्याण दरम्यान असेल तर आपल्याकडे जाणवतो तो मुख्यतः उशीर. विद्याविहार ते ठाणे पाचव्या-सहाव्या मार्गिकेवर, म्हणजे मेल-एक्स्प्रेसच्या रुळांवर, असेल तर मेल-एक्स्प्रेस फास्ट रुळांवर येतात, कांजूरचा थांबा कायम राहतो. ‘माटुंगा-मुलुंड, धीमा मार्ग’ हे शब्द दिसले की मात्र आदल्या रात्रीच वेगळी योजना करायची.

ती योजना म्हणजे भांडुप. अंतर सुमारे 2 किलोमीटर. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये आहे आणि ते पहिल्या दीड किलोमीटरचं, म्हणजे एका फेरीचे पस्तिसेक रुपये झाले. महिन्यात असे दोन रविवार आले आणि दोन्ही वेळा रिक्षा केली, तर 140 रुपये फक्त शेजारच्या स्टेशनपर्यंत पोचण्यात गेले. पूर्वेला राहणाऱ्यांची एक सोय मात्र होते. या भागात स्लो रुळांची जोडी पश्चिमेकडे आणि फास्टची पूर्वेकडे आहे, त्यामुळे ब्लॉकच्या दिवशी भांडुपला पूर्वेकडून गेलं तर गाडी पुलाच्या जवळच्या बाजूला मिळते.

दादरला नोकरी असेल तर पास कांजूर-दादर काढण्याऐवजी भांडुप-दादर काढावा. पासावर मधल्या कुठल्याही स्टेशनला चढता-उतरता येतं, म्हणजे रोज कांजूरहून जायचं आणि ब्लॉकच्या रविवारी भांडुपहून. पासाचे दर टप्प्यांनी ठरतात, त्यामुळे पुष्कळदा रक्कम तीच निघते. दोन्ही दर पाहून घ्या आणि फरक नसेल तर लांबचाच घ्या. हे न करता भांडुपला चढलात तर ते एक स्टेशन पासाच्या बाहेर जातं आणि तिकीट तपासनीस दंड लावू शकतो.

सुरुवातीला मत असं होतं की फास्ट नाही म्हणजे जागा दुय्यम. ते आता बदललंय. कामाच्या दिवशी स्लो गाडीच जास्त कामाची ठरते, त्याची दोन कारणं.

पहिलं कारण गर्दी. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल कांजूरला येईपर्यंत मुलुंड, नाहूर आणि भांडुप एवढीच स्टेशनं करून आलेली असते. बसायला मिळेलच असं नाही, पण आत शिरून पंख्याखाली उभं राहता येतं. कल्याण-बदलापूरहून येणाऱ्या स्लोमध्ये तेवढीही जागा नसते. म्हणून सकाळी वेळेवर नजर ठेवून ठाण्याचीच गाडी धरायची, मग पाच-सात मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल. संध्याकाळी दादरला इंडिकेटरवर ‘ठाणे’ आणि ‘स्लो’ हे दोन्ही एकत्र दिसेपर्यंत धीर धरायचा. डोंबिवली-कल्याणची माणसं ती गाडी शक्यतो सोडतात.

दुसरं कारण थांबे. लोअर परळच्या कार्यालयांत जाणाऱ्याला फास्टने दादरला उतरून वेस्टर्न रेल्वेच्या पुलावरून गर्दीतून वाट काढावी लागते. स्लो गाडी परळ आणि करी रोड दोन्ही करते. करी रोडला उतरून चालत गेलं की गाडी बदलायचं काम उरत नाही. दादरच्या पुलावर जाणारी दहा मिनिटं मोजली तर फास्टचा वेळेतला फायदा तिथेच संपतो.

घाटकोपरला उतरून फास्ट धरावी, असं बरेच जण सुचवतात. त्यात अर्थ नाही. घाटकोपर ते दादर फास्ट गाडी विद्याविहार, शीव आणि माटुंगा हे तीनच थांबे गाळते. पाच-सहा मिनिटं वाचतात आणि जिना चढून, पुलावरून जाऊन, आधीच भरलेल्या गाडीत शिरण्यात ती परत जातात. घाटकोपरला उतरायचं ते मेट्रो 1 साठी. जून 2014 मध्ये सुरू झालेली ही 11.4 किलोमीटरची मार्गिका वर्सोव्यापर्यंत एकवीस-बावीस मिनिटांत पोचवते. साकीनाका, मरोळ, चकाला इथे कार्यालय असेल तर कांजूरहून याच्याइतका खात्रीचा मार्ग नाही. मरोळ नाक्याला मेट्रो 3 मिळते आणि ऑक्टोबर 2025 पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे वरळीकडे किंवा विमानतळाकडे जाणाऱ्यांनाही पर्याय झालाय. सकाळी घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या रांगेची वेळ वेगळी धरावी.

पवईला जाणाऱ्यांनी पूर्वेला घरच घेऊ नये. शेअर रिक्षा पश्चिमेला, स्टेशनबाहेर मिळतात. पूर्वेहून तिथे पोचायला सगळे रूळ ओलांडणारा पूल चढावा लागतो, आणि गांधीनगर जंक्शनला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची कोंडी वेगळीच. पावसात त्या चौकात घड्याळाचा हिशेब चालत नाही.

पुलाबद्दल थोडं सविस्तर. पूर्वेच्या माणसाला पाचवी-सहावी मार्गिका आणि फास्टचे रूळ पार करून स्लोपर्यंत जावं लागतं, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. पश्चिमेच्या माणसाला पुलाचा छोटा भागच लागतो. गुडघ्याचं दुखणं असलेलं कोणी घरातून रोज प्रवास करणार असेल, तर पश्चिमेचं थोडं जास्त भाडं देणं योग्य. जागा पाहायला जाल तेव्हा घराच्या दारापासून प्लॅटफॉर्मवर गाडीच्या दारापर्यंत चालून वेळ मोजा, तीही सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या मध्ये. दुपारी मोजलेली वेळ निरुपयोगी आहे, कारण गर्दीत फक्त जिना उतरायलाच तीन-चार मिनिटं जास्त लागतात. आपला जिना कोणत्या डब्यासमोर येतो तेही पाहून ठेवा.

पावसाळ्यात गाड्या अडतात त्या बहुतेक कुर्ला-शीव भागात पाणी साचल्याने. तो त्रास मेन लाइनवरच्या सगळ्यांचा सारखाच, कांजूरला वेगळं काही नाही. रस्त्याने पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना जून 2025 मध्ये सुरू झालेला विक्रोळीचा उड्डाणपूल उपयोगी पडतो.

राहता राहिली मेट्रो 4 आणि 6. एलबीएस मार्गावर आणि लिंक रोडवर खांब दिसतात, आणि मालक-दलाल त्या खांबांचेही पैसे भाड्यात धरतात. ते देऊ नका. कांजूरमधून प्रत्यक्ष गाडी सुरू होईल त्या वर्षी भाडं वाढवता येईल, असं मालकाला स्पष्ट सांगा.

या हिशेबाने वाढीव भाडं मान्य केलेलं नाही. त्याच पैशांत दातार कॉलनीच्या बाजूला शोध सुरू आहे. तिथून कांजूर आणि भांडुप दोन्ही स्टेशनं चालण्याच्या अंतरात येतात, म्हणजे रोज कांजूरची स्लो आणि ब्लॉकच्या रविवारी भांडुपचा फास्ट प्लॅटफॉर्म, रिक्षाशिवाय. या पट्ट्यात जागा पाहणाऱ्यांनी मधल्या गल्ल्याच आधी बघाव्यात. ज्यांना रविवारी बाहेर पडायचंच नसतं आणि नोकरी परळ, करी रोड किंवा साकीनाक्याला आहे, त्यांना कांजूर स्टेशनजवळची जागा आहे त्या भाड्यात घ्यायला हरकत नाही.