नव्या शहरातले पहिले आठवडे: गूगल मॅप्स की ऑरगॅनिक मॅप्स?

नकाशाची ही दोन्ही ॲप फोनमध्ये ठेवा. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

गूगल मॅप्समध्ये सगळ्यात कामाचा आहे तो वेळेचा हिशोब, आणि नेमकं त्याकडेच फारसं कुणाचं लक्ष जात नाही. भाड्याचं घर बघायला माणूस सुट्टीच्या दुपारी जातो. तेव्हा ऑफिसपर्यंतचा जो वेळ दिसतो, तो रिकाम्या रस्त्यांचा. मार्ग काढल्यावर निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ बदलता येते. तिथे कामाच्या दिवसाची सकाळ टाका आणि संध्याकाळचा परतीचा प्रवास वेगळा तपासा. दोन्हींत बरीच तफावत निघू शकते. गाडीसाठी वेळ 'अमुक ते तमुक मिनिटं' अशी येते. करारावर सही करण्याआधी त्यातला मोठा आकडाच धरावा. बस-रेल्वेसाठी 'शेवटची गाडी' हाही पर्याय मिळतो; उशिरा सुटणाऱ्यांनी तो आधी बघावा.

दुकान, बँक, जिम यांच्या पानावर तासागणिक गर्दीचा आलेख असतो. वस्तीचा दिवस कधी सुरू होतो, दुपारी किती ओसरतो, हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. पण ती मागच्या काही काळाची सरासरी असते, त्यामुळे सणासुदीला हमखास फसते, आणि वर्दळ कमी असलेल्या जागेला आलेखच नसतो. स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यावरून काढलेल्या फोटोंत, गल्ली बघताना फोटोचा महिना आणि वर्ष आधी वाचा. फोटोतल्या मोकळ्या प्लॉटवर एव्हाना इमारत उभी असू शकते.

घराचा पत्ता पाठवताना इमारतीची पिन देऊ नका. ती बहुधा इमारतीच्या मधोमध पडते आणि सामान आणणारा मागच्या भिंतीशी येऊन फोन करतो. फाटकावर बोट दाबून धरा, तिथे पिन टाका, तीच सेव्ह करून पाठवा.

आता दुबळी बाजू. गूगलचा नकाशा डाउनलोड केला तरी इंटरनेट नसताना फक्त गाडीचा रस्ता मिळतो. पायी, सायकल, बस यांपैकी काहीच नाही, ट्रॅफिकही नाही. भुयारी स्टेशनातून रेंज नसताना वर आलेल्याला हे फार उशिरा कळतं.

तिथे ऑरगॅनिक मॅप्स. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या माहितीवर ते चालतं, जाहिराती नाहीत, आणि प्रदेश एकदा उतरवला की पायी आणि सायकलचे मार्गही नेटशिवाय निघतात. पायऱ्या, पादचारी बोगदे, बाकडी, पिण्याच्या पाण्याचे नळ, सार्वजनिक शौचालयं असा बारीकसारीक तपशील त्यात सापडतो. मात्र माहिती स्वयंसेवक भरतात, म्हणून एका वस्तीत झाडन् झाड आणि शेजारच्या वस्तीत नुसत्या रेषा. घर क्रमांक टाकून शोधायला गेलात तर पुष्कळदा हात हलवत परत. दुकानाच्या वेळा तर विचारूनच घ्या.

उंच इमारतींमध्ये दोन्ही ॲप चुकतात. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि आपली जागा दाखवणारा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. ठिपक्याभोवतीचं फिकं वर्तुळ मोठं दिसलं की त्यावर विसंबू नका, मोकळ्या चौकात या. दिशाच उलटी दाखवत असेल तर फोन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवा. मराठी आठाने भागणार नाही.

ऑरगॅनिक मॅप्समध्ये चुकीचं नाव किंवा बंद पडलेलं दुकान ओपनस्ट्रीटमॅपचं मोफत खातं उघडून स्वतःच दुरुस्त करता येतं. बदल इतरांना लगेच दिसत नाही. नकाशाची पुढची आवृत्ती उतरवल्यावरच दिसतो, तेव्हा तोच बदल पुन्हा पुन्हा पाठवत बसू नये.